कुलूपबंद वस्तीत नाटक करायचं तर

अंबाजोगाईच्या एका गटाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही कॉलेज संपलेली सात-आठ मुलं-मुली आहोत. ऊसतोड कामगारांचं स्थलांतर आणि त्यांतल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाणं, यावर नाटक करायचंय. सभागृहात नको. दिवाळीनंतर अर्धं गाव रिकामं होतं, त्या कुलूपबंद घरांच्या वस्तीतच करायचंय. जागा कशी निवडावी, परवानगी कुणाकुणाची लागते, आणि खऱ्या ऊसतोड बायकांना नाटकात घ्यावं का?"

या तीन प्रश्नांच्या पोटात चौथा एक आहे, तो तुम्ही विचारलेला नाही: हे नाटक बघणार कोण? दिवाळीनंतर त्या वस्तीत उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ज्यांच्यावर नाटक आहे ते तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडात. म्हणजे प्रेक्षक येणार लातूरहून, संभाजीनगरहून, गाड्या करून. कुलपं बघतील, मोबाईल काढतील, हळहळतील आणि रात्रीच्या जेवणाला घरी. असं नाटक करूच नये असं मी म्हणत नाही. शहरातल्या माणसानं ती वस्ती बघावी यात काही वाईट नाही. पण ते शहरासाठीचं नाटक झालं, आणि वस्ती त्यात नेपथ्य झाली. हे आधी आपसांत कबूल करा, मग पुढचं ठरवणं सोपं जातं.

माझ्या अनुभवात अशा नाटकात जागेइतकीच तारीख महत्त्वाची. बीडच्या बालाघाटातलं एखादं गाव घ्या. तेच गाव वर्षातून तीनदा वेगळं असतं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत उचलीचे, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांचे व्यवहार चाललेले असतात, कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम दारोदार फिरत असतो, टोळ्या जुळत असतात. दिवाळीनंतर कुलपं. आणि पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात, हिशेब लागतो, कुणाच्या अंगावर किती बाकी राहिली ते कळतं, आणि लगेच लग्नसराई. नाटक कामगारांनी बघावं असं वाटत असेल तर पहिला किंवा तिसरा काळ. मी तिसरा निवडतो. पहिल्या काळात मुकादम गावातच असतो, आणि ज्या बाईचा नवरा उद्या त्याच्याकडून उचल घेणार आहे तिला तुम्ही आज त्याच्यासमोर बसवून मुकादमीवरचं नाटक दाखवता. तुम्ही रात्री अंबाजोगाईला परत जाल, तिला तिथंच राहायचंय.

आता जागा कशी निवडायची. लोक पहिल्यांदा बघतात ती जागा किती उदास दिसते ते: पडकी भिंत, कोरडी विहीर, गंजलेला पत्रा. मी बघतो की तिथं कुठला व्यवहार होतो. कुणी कुणाला काय दिलं, काय घेतलं, कुठल्या नियमानं. दुःख कुठंही दाखवता येतं, सभागृहात तर जास्तच चांगलं, कारण तिथं प्रकाश हाताशी असतो. जागेवर जाऊन करण्यासारखी गोष्ट असते ती व्यवहाराची.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण देतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली झोपेतली माणसं गेली. भूकंपावर नाटक करायचं म्हटलं की प्रत्येक दिग्दर्शकाला जुन्या गावचे ढिगारे दिसतात. मी तिथं प्रयोग करणार नाही. तिथं माणसं आपल्या माणसांसाठी जातात. पण पुनर्वसनात घरं कशी वाटली ते पाहा: ज्याच्या नावावर जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. भूकंपानं घरं सारखीच पाडली, नवी मात्र सातबारा बघून मिळाली. एखाद्या मोकळ्या मैदानात चुन्यानं हे तीन चौकोन आखा, प्रेक्षकांना आत उभं करा, आणि एका कुटुंबाचं अंथरूण, चूल, म्हशीचा खुंटा सगळं त्या त्या चौकोनात बसवायला लावा. नाटक तिथंच सुरू झालं. ढिगाऱ्याची गरजच लागत नाही.

लातूरचं पाणी हा दुसरा असाच विषय. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. फोटो सगळ्यांना त्या गाडीचाच आठवतो. मला नाटक दिसतं ते मार्चमधल्या आदेशात: पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतात म्हणून तिथं जमावबंदी लावली, पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. आता पाण्याच्या टाकीखालच्या आवारात प्रयोग ठेवा आणि चार प्रेक्षक येईपर्यंत काहीच करू नका. पाचवा आत आला की गुन्हा. पुढचं प्रेक्षकच करतात.

तुमच्या विषयात असा व्यवहार शोधायला फार लांब जायला नको, तो उचलीच्या वहीत आहे. समजा एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एक लाख रुपये उचल दिली. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, तो धरा. लाख फेडायला २७३ टन. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर साडेचार महिने झाले, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम. त्यात आजारपण आलं, पाऊस आला, कारखान्याचं यंत्र बंद पडलं, की बाकी अंगावर. आणि खाडा पडला की मजुरी तर जातेच, वर दंड. हे गणित नटानं भाषणात सांगितलं तर व्याख्यान होतं. शाळेच्या भिंतीवरचा फळा घ्या, खडू प्रेक्षकातल्या एखाद्या सातवीच्या पोराच्या हातात द्या आणि त्याला करायला लावा. पोरगं चुकतं, मागून कुणीतरी ओरडून दुरुस्त करतं, तिसरा म्हणतो आमच्या टोळीला दंड जास्त होता. तुमच्या संहितेपेक्षा बरं नाटक त्या पाच मिनिटांत होतं.

आता गर्भपिशवीचा विषय. इथं जपून. २०१९ मध्ये हा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. हा आकडा नाटकात कुठं घालायचा याचा तुम्ही विचार करत असाल. मी सांगतो तो वेगळ्या कामासाठी वापरा: तुमच्यासमोर साठ बायका बसल्या तर त्या प्रमाणात दहाजणींची पिशवी काढलेली असणार. त्यांना तुम्ही काय 'जाणीव' करून देणार? ऑपरेशनचं दृश्य, लाल ओढणी, किंकाळी, पांढऱ्या चादरीवर पडलेला प्रकाश, हे सगळं पहिल्या मसुद्यात येतंच. काढून टाका. ज्या बाईनं ते भोगलंय तिच्यासमोर ते खोटं दिसतं, आणि जिनं भोगलं नाही ती घाबरून पुढच्या वेळी दवाखान्यातच जात नाही.

त्याऐवजी ती त्या टेबलापर्यंत कशी पोचली ते दाखवा. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पहाटे चारला उठून मोळ्या बांधायच्या, पाळीच्या दिवसांत दुखलं तरी खाडा परवडत नाही. पांढरं जातंय म्हणून डॉक्टरकडे गेली, तिथं "पुढं कॅन्सर व्हईल" ऐकलं. ऑपरेशनला पैसे मुकादमानंच उचलीत वाढवून दिले. म्हणजे पिशवी काढायचा खर्चही पुन्हा ऊस तोडूनच फेडायचा. एकेक पायरी शहाणपणाची वाटते, कुणीही खलनायक लागत नाही, आणि शेवटी तिशीतली बाई दुखऱ्या कंबरेनं पुन्हा मोळी उचलतेय. सगळे डॉक्टर लुटारू आणि सगळे मुकादम राक्षस केलेत की प्रेक्षकाला बरं वाटतं, कारण मग त्याचा स्वतःचा संबंध उरत नाही. मुकादमाच्या डोक्यावरही कारखान्याची उचल असते, टोळी पळाली की तो बुडतो. त्याला नाटकात त्याची बाजू मांडू द्या. त्यानं तो सुटत नाही, उलट यंत्रणा दिसते.

खऱ्या बायकांना घ्यावं का? हे त्या बाईवर, तिच्या घरावर आणि गावावर अवलंबून आहे, सरसकट उत्तर नाही. माझा कल असा: स्वतःची कहाणी स्वतः सांगायला कुणालाही उभं करू नका, पण काम शिकवायला जरूर बोलवा. आमच्या एका तालमीत गाव सोडतानाचा प्रसंग बसवत होतो. नटांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी कोयते ठेवले, मग ताडपत्री, मग भांड्याचं पोतं. ओसरीवर बसलेली एक आजी बराच वेळ बघत होती. मग उठलीच. "आरं आदी पिठाचं पोतं चढतंय, चटणी-मिठाचं गठुडं त्याच्या अंगाला. कोयतं कुठं खाली घालता, बसल्यावर पायाला लागत्याल. ते वर, हाताशी." मग तिनं कोंबडीची पाटी कुठं बांधायची ते दाखवलं, आणि लहान लेकरू कुठं बसतं तेही: पिठाच्या पोत्यावर, कारण तेवढंच मऊ. प्रसंगातला रडारडीचा संवाद आम्ही कापला. नुसतं सामान चढवणं ठेवलं, तिनं सांगितलेल्या क्रमानं, पूर्ण वेळ घेऊन. प्रयोगाला बायका मागून हळू आवाजात क्रम सांगत होत्या, काही चुकतंय का ते बघत होत्या.

अशा मदतीचे पैसे द्या. त्या दिवशीची मजुरी बुडाली असेल तर मजुरी, आणि तालमीच्या दिवसांची वेगळी. "आपल्याच प्रश्नावर आहे" म्हणून फुकट राबवून घेणं हे आणखी एका मुकादमाचं लक्षण आहे. शब्द दिलेली रक्कम पहिल्या दिवशी सांगा, गटाच्या वहीत लिहा.

नावं बदलली की झालं असं समजू नका. दीडशे उंबऱ्यांच्या गावात "एक बाई, तीन मुली, नवरा ट्रॅक्टरवर" एवढ्यावर लोक घर ओळखतात. एखादा प्रसंग खरा घेतलात तर तो दुसऱ्या तालुक्यातला घ्या, किंवा तीन घरांचा मिळून एक करा. आणि कायद्याचं एक ध्यानात असू द्या. बोलता बोलता मुलींच्या लग्नांचा विषय निघणारच, कारण हंगामाला निघण्याआधी मुलीला कुठं ठेवायचं या काळजीतून कितीतरी लग्नं वयाआधीच लागतात. अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती तुमच्या कानावर आली तर पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, कलाकार म्हणून सूट नाही. तिची ओळख उघड करणंही गुन्हा आहे. म्हणून गप्पांना बसण्याआधीच गटानं ठरवून ठेवा: असं काही कळलं तर कोण काय करणार. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर सगळ्यांकडे असू द्या. तालुक्यातली एखादी आशाताई किंवा या विषयावर काम करणारी कार्यकर्ती सुरुवातीपासून सोबत असेल तर उत्तम. तुम्ही गेल्यावर विचारपूस करायला तीच असणार आहे.

परवानगीचं लवकर उरकतो, कारण ठाण्या-ठाण्याची पद्धत वेगळी. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं असतं. जागेवरच्या नाटकात निम्मं बोलणं आयत्या वेळचं असतं हे खरं, तरी कणा लिहून पाठवा. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज आणि त्याची पोच. भोंगा लावणार असाल तर रात्री दहाच्या आत संपवा, पण पन्नास-साठ माणसांना भोंगा कशाला? जिल्ह्यात पोलीस अधिनियमाचं ३७ वं कलम लागू आहे का ते नक्की विचारा. बीडला ते वरचेवर लागतं, त्यात जमाव आणि शस्त्र दोन्हींवर बंदी येते, आणि तुमच्या हातातला कोयता नाटकातली वस्तू आहे हे हवालदाराला रस्त्यात पटवत बसावं लागू नये. लाकडी करून घ्या. खरा कोयता तालमीतही धोक्याचाच असतो.

कागदांपेक्षा मोठी परवानगी घराची. ज्या कुलपाबाहेर तुम्ही उभे राहणार ते घर कुणाचं तरी आहे. फोन करून मालकाला फडावरच विचारा. ओसरी वापरा म्हणाला तरी कुलूप उघडायला सांगू नका, बंद दाराकडे बोट दाखवून संवाद म्हणू नका. हो म्हणणाऱ्याला प्रयोगाच्या दिवसापर्यंत नाही म्हणायची मुभा ठेवा, म्हणजे दुसरी जागा हाताशी पाहिजे. देवळाचा पार, शाळेचं पटांगण, कुठलंही. जे नाटक एका घराच्या नकारानं कोसळतं त्याची रचनाच कच्ची आहे असं मी समजतो.

गावातल्या माणसाला अंगणातलं नाटक नवीन नाही, हे तुमच्या बाजूचं आहे. गोंधळ घरापुढंच होतो, पोतराज दारात येतो, सोंगी भारूड रस्त्यावर रंगतं, जलसा वस्तीत व्हायचा. आपण शहरातून काही नवा प्रकार आणलाय अशा थाटात जाऊ नका. पण याचा दुसरा अर्थ असा की लोक मध्ये बोलणार, उठून जाणार, लेकराला हाक मारणार, नटाला "तू कुणाचा रं?" विचारणार. नटाला भूमिकेत राहून उत्तर देता आलं पाहिजे. तालीम याचीच जास्त करा.

वेळ संध्याकाळी पाच-साडेपाच बरी. ऊन उतरतं, सूर्य अजून असतो, लाईट गेली तरी प्रयोग चालतो. पन्नास माणसांच्या वर नको, चालत न्यायचं असेल तर तीसच. विहिरीचा काठ आणि पडकी माळवदं टाळा, पाला-दगड आदल्या दिवशी काठीनं हलवून घ्या, विंचू असतात. प्यायचं पाणी स्वतःचं न्या, त्या गावाच्या टँकरवर भार टाकू नका. तुमच्या गटातल्या मुली लघवीला कुठं जाणार हे जागा ठरवतानाच बघा. फडावर संडास नाही म्हणून नाटक करणाऱ्या गटात मुली सकाळपासून पाणी न पिता तालीम करतायत, हे मी पाहिलंय.

बायकांसाठी वेगळा प्रयोग ठेवाच, दुपारी दोन ते चारमध्ये, बचतगटाच्या बैठकीला जोडून. गावासमोरच्या प्रयोगात त्या मागं उभ्या राहतात, पदर तोंडाशी धरून. आणि नंतरच्या चर्चेचा हट्ट धरू नका. कार्यशाळा करून आलेल्या मुलांना ब्राझीलचा रंगकर्मी ऑगस्तो बोआल याची पद्धत फार आवडते: नाटक थांबवायचं, प्रेक्षकातल्या बाईनं पुढं येऊन पात्राच्या जागी उभं राहून दुसरा मार्ग करून दाखवायचा. पद्धत ताकदीची आहे, मी वापरतोही, पण बंद दारामागे, फक्त बायकांत. मुकादम, सरपंच आणि दीर समोर बसलेले असताना तिनं "मी खाडा करणार" म्हणून दाखवलं, तर तुम्हाला टाळ्या मिळतील आणि तिला घरी गेल्यावर जाब द्यावा लागेल. उघड्या प्रयोगानंतर मी चहा ठेवतो आणि गप्प बसतो. ज्याला बोलायचं तो चहा पिता पिता बोलतो, बहुधा नटांशी, दिग्दर्शकाशी नाही.

व्हिडिओचं आधीच ठरवा. नटांचं चित्रीकरण करा, प्रेक्षकांचं नको. एखाद्या बाईच्या डोळ्यांतल्या पाण्याची रील फिरली की पुढच्या गावात तुमच्यापुढं कुणी बसणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

तर लगेच काय करायचं: संहिता लिहायला बसू नका. दोघं-तिघं जा, परतलेल्या एखाद्या टोळीतल्या माणसाजवळ बसा आणि गेल्या हंगामाचा हिशेब समजून घ्या. उचल किती, टन किती, खाडे किती, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून काय आलं, दवाखान्याला काय गेलं. वही दाखवली तर उत्तम, नाही दाखवली तर तोंडी. तो हिशेब तुम्हा सगळ्यांना पाठ म्हणता आला की मग जागा बघायला बाहेर पडा, आणि तेव्हा काही अडलं तर इथंच विचारा.